पडद्याच्या उघडझापीतून मनगटापर्यंत: प्रकाशाने माहिती घेणारा तुमचा पहिला रिसीव्हर

पडद्यावरचा एक लहान चौकोन ठरलेल्या तालात पांढरा-काळा होतो, मनगटी पट्ट्यातला सेन्सर ती उघडझाप वाचतो आणि काही सेकंदांत घड्याळाची वेळ लागते. तसाच एखादा गजर उतरतो, एखादं नाव उतरतं. केबल लागत नाही, ब्लूटूथ लागत नाही, पेअरिंगची कटकट नाही. असा रिसीव्हर आणि त्याला माहिती पाठवणारं वेबपान, दोन्ही इथे टप्प्याटप्प्याने बनवू. आर्डुइनोवर एलईडी लुकलुकवता येत असेल आणि ब्राउझरमध्ये चार ओळींची जावास्क्रिप्ट चालवली असेल, तर एवढी तयारी पुरेशी आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय तिच्यावर उभा आहे. हा रस्ता एकेरी आहे. ‘मिळालं’, ‘पुन्हा पाठव’, ‘जरा हळू’ असं काहीही घड्याळ पडद्याला सांगू शकत नाही. म्हणून सगळी खबरदारी पाठवणाऱ्याने आधीच घ्यायची, आणि आलेल्या माहितीवर विश्वास ठेवायचा की नाही हे घेणाऱ्याने एकट्याने ठरवायचं.

आधी कोणी केलं आहे?

टायमेक्स आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून १९९४ साली डेटालिंक नावाचं मनगटी घड्याळ आणलं. घड्याळाच्या तोंडावर एक छोटा प्रकाश-सेन्सर होता. संगणकावर फोन नंबर, भेटीच्या वेळा, गजर भरायचे आणि घड्याळ मॉनिटरसमोर धरायचं. पडद्यावर आडव्या पांढऱ्या रेषा चमकत आणि माहिती घड्याळात जाई.

ही युक्ती त्या काळच्या काचनळीच्या, म्हणजे सीआरटी मॉनिटरवर पूर्णपणे अवलंबून होती आणि ती समजून घेण्यासारखी आहे. सीआरटीमध्ये अख्खं चित्र कधीच एका वेळी उजळलेलं नसतं. इलेक्ट्रॉनांचा झोत वरून खाली एकेक रेषा काढत जातो आणि झोत पुढे सरकला की मागची रेषा विझू लागते. ६४० × ४८० च्या साध्या व्हीजीए पडद्यावर सेकंदाला सुमारे ३१,५०० रेषा काढल्या जातात, म्हणजे एका रेषेला जेमतेम ३२ मायक्रोसेकंद. डोळ्याला तिथे आडवे पट्टे दिसत, पण सेन्सरला दिसायचे एकामागून एक येणारे प्रकाशाचे ठोके. पडद्यावरची जागा सेन्सरसाठी वेळ बनत होती! त्यामुळे एका फ्रेममध्ये, म्हणजे पडद्यावरच्या एका पूर्ण चित्रात, अनेक बिट बसत.

आजच्या एलसीडी पडद्यावर हे चालत नाही. एलसीडीमागचा दिवा रेषेगणिक उजळत-विझत नाही आणि काढलेली रेषा पुढच्या फ्रेमपर्यंत तशीच टिकते, म्हणून ठोके निर्माणच होत नाहीत. लॅपटॉपवाल्यांसाठी त्या काळीही वेगळा जोड मिळत असे. तो सिरियल पोर्टला लावायचा आणि त्यातला एलईडी पडद्याच्या जागी लुकलुकायचा. आपल्याला हे दोन्ही मार्ग मोकळे आहेत. एलसीडीवर फ्रेमच्या गतीने, म्हणजे हळू. किंवा एलईडीने, कितीतरी वेगात.

दुसरं उदाहरण जर्मनीतल्या बँकांच्या चिपटॅन पद्धतीचं. ऑनलाइन व्यवहार करताना पडद्यावर पाच काळे-पांढरे पट्टे लुकलुकतात आणि ग्राहक हातातलं छोटं यंत्र त्यांच्यासमोर धरतो. पाचांतला एक पट्टा फक्त ताल देतो, उरलेले चार बिट वाहतात. तालासाठी स्वतंत्र पट्टा ठेवण्याचा हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. का, ते पुढे येईलच.

सामान

आर्डुइनो नॅनोसारखा कुठलाही छोटा बोर्ड, एक फोटोट्रान्झिस्टर (उजेडानुसार कमी-जास्त वीज वाहू देणारा सेन्सर), १० किलोओहमचा रेझिस्टर (जोडीला ४.७ आणि ४७ किलोओहमचे असू द्या), आयटूसी (दोन तारांनी माहिती नेणाऱ्या) जोडणीचा छोटा ओलेड डिस्प्ले, एक बटण, एक पांढरा एलईडी आणि ब्रेडबोर्ड.

फोटोट्रान्झिस्टर घेताना जपून घ्या. काळ्या आवरणाचे बरेचसे फोटोट्रान्झिस्टर टीव्हीच्या रिमोटसारख्या अवरक्त प्रकाशासाठी असतात. ते आवरण दृश्य प्रकाश अडवतं, आणि आपला पडदा नेमका दृश्य प्रकाशच देतो. पारदर्शक आवरणाचा आणि दृश्य प्रकाशाला संवेदनशील असा लिहिलेला भाग मागा. स्वस्तातला एलडीआर, म्हणजे उजेडानुसार रोध बदलणारा रेझिस्टर, वापरायचा मोह होईल, पण उजेड गेल्यावर त्याला सावरायला दहा मिलिसेकंदांहून बराच जास्त वेळ लागतो. आपल्या हळू गतीलाही ते त्रासदायक ठरतं, आणि पुढे वेग वाढवायचा म्हटलं की एलडीआर बाद.

टप्पा पहिला: सेन्सरला काय दिसतं ते पाहा

फोटोट्रान्झिस्टरचा कलेक्टर बोर्डाच्या धन पुरवठ्याला आणि एमिटर ॲनालॉग पिनला जोडा. त्याच पिनपासून ग्राउंडपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर लावा. उजेड वाढला की पिनवरचा विद्युत दाब वाढेल. दर मिलिसेकंदाला एक वाचन घ्या (नॅनोला एका वाचनाला सुमारे ०.१ मिलिसेकंद लागतो, त्यामुळे सवड भरपूर आहे) आणि आकडे सिरियल प्लॉटरवर, म्हणजे आर्डुइनोच्या आलेख काढणाऱ्या खिडकीत, सोडा.

आता सेन्सर पांढऱ्या पडद्याला टेकवा, मग काळ्याला. पांढऱ्यावर आकडा १०२३ ला जाऊन चिकटला तर रेझिस्टर कमी करा, ४.७ किलोओहम लावा. दोन्हींतला फरक शंभराच्या आत असेल तर ४७ लावा. मला पांढऱ्यावर सहाशे ते आठशेच्या दरम्यानचा आकडा आवडतो, कारण दोन्ही बाजूंना जागा राहते.

इथे घाई करू नका. प्लॉटरवरची रेघ नीट न्याहाळा, कारण पुढच्या निम्म्या अडचणी तिच्यात आधीच दिसतात. सेन्सर खोलीतल्या दिव्याकडे वळवला तर बऱ्याच दिव्यांखाली रेघ थरथरते. ज्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे तिथे हे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, ६० हर्ट्झवर १२० वेळा. पडद्याची ब्राइटनेस अर्ध्यावर आणली तर आणखी एक थरथर दिसू शकते. अनेक पडदे उजेड कमी करण्यासाठी मागचा दिवा अतिशय वेगाने चालू-बंद करतात, ती ही थरथर.

उपाय तिहेरी. सेन्सरभोवती सेंटिमीटरभर लांबीची काळी नळी बसवा. ब्राइटनेस पूर्ण ठेवा. आणि शेवटच्या १० वाचनांची सरासरी काढत राहा. दहा वाचनं म्हणजे १० मिलिसेकंद, म्हणजे १०० हर्ट्झच्या थरथरीचं नेमकं एक आवर्तन. सरासरीत ती पुसली जाते.

टप्पा दुसरा: बिटांना आकार द्या

नवशिक्याच्या मनात येणारा पहिला विचार असतो, पांढरा म्हणजे १ आणि काळा म्हणजे ०. यात मोठी खोट आहे. ओळीने वीस शून्यं आली तर चौकोन बराच वेळ काळाच राहणार, आणि ती वीस होती की एकोणीस हे मोजायला रिसीव्हरकडे स्वतःच्या घड्याळाखेरीज दुसरा आधार नाही. मधल्या काळात उजेडाची पातळी सरकली तर तेही कळणार नाही.

म्हणून मँचेस्टर पद्धत वापरा. प्रत्येक बिटाचे दोन अर्धे भाग करायचे. काळ्यातून पांढरं झालं तर १, पांढऱ्यातून काळं झालं तर ०. बिट कोणताही असो, त्याच्या मध्यावर बदल हमखास होतो, आणि रिसीव्हर दर बदलाला आपला ताल पुन्हा जुळवून घेतो.

६० हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची. अर्ध्या बिटाला चार फ्रेम द्या, म्हणजे सुमारे ६७ मिलिसेकंद. पूर्ण बिट १३३ मिलिसेकंदांचा. वेग पडतो सेकंदाला ७.५ बिट. हा आकडा पाहून निराश होऊ नका, कारण त्याच्या बदल्यात भक्कम सवड मिळते. दोन बदलांमधलं अंतर एकतर ६७ असेल नाहीतर १३३, म्हणून सीमा १०० वर आखायची. ब्राउझरने एखादी फ्रेम गाळली तरी ६७ चे ८३ होतील, म्हणजे सीमेच्या आतच. पडदा काळ्यातून पांढरा होताना आणि पांढऱ्यातून काळा होताना सारखाच वेळ घेत नाही. तो काही मिलिसेकंदांचा फरकही यात जिरून जातो. दोन फ्रेम लागोपाठ गळल्या तर मात्र निरोप बिघडेल, आणि तो पकडायची सोय पुढच्या टप्प्यात आहे.

टप्पा तिसरा: निरोपाची बांधणी

एका निरोपात क्रमाने असं पाठवा: १ चे सोळा बिट, मग एकच ०, मग लांबीचा बाइट, प्रकाराचा बाइट (वेळ, गजर की नाव), प्रत्यक्ष माहिती आणि शेवटी तपासणीचा बाइट.

पहिल्या सोळा बिटांत माहिती काहीच नाही. त्या वेळात रिसीव्हर सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान वाचन टिपून दोन्हींच्या मध्यावर पांढऱ्या-काळ्याची सीमा ठरवतो. सगळे १ असल्यामुळे बदल दर ६७ मिलिसेकंदांनी येत राहतात. मग ० आला की पहिल्यांदाच १३३ चं लांब अंतर दिसतं, आणि ते संपतं तो क्षण नक्की बिटाचा मध्य असतो. इथून पुढे नियम सोपा: लांब अंतर आलं की बदलाच्या दिशेवरून बिट वाचा, आखूड आलं तर ते सोडा, त्यापुढचं आखूड अंतर संपेल तिथे बिट वाचा. डेटालिंकही मुख्य माहितीआधी ०१०१०१०१ आणि मग १०१०१०१० असे बाइट कितीतरी वेळा पाठवून घड्याळाला ताल धरायला लावत असे.

तपासणीसाठी सगळ्या बाइटांची नुसती बेरीज करू नका. दोन बाइटांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच येते. आठ बिटांचा सीआरसी वापरा, म्हणजे सगळ्या बिटांवरून त्यांच्या क्रमासकट काढलेला तपासणीचा आकडा. तो एका बिटाची चूक हमखास पकडतो आणि लागोपाठच्या आठ बिटांपर्यंतची गडबडही. निव्वळ कचरा आत आला तरी तो खरा वाटण्याची शक्यता २५६ त एक. घड्याळाच्या वेळेला एवढं पुरे. लांब मजकूर पाठवू लागलात की १६ बिटांच्या सीआरसीवर जा, तिथे हीच शक्यता ६५,५३६ त एक होते. डेटालिंकमध्येही प्रत्येक पाकिटाला १६ बिटांचा सीआरसी होता.

तपासणीत नापास झालेला निरोप संपूर्ण टाकून द्या. त्यातला ‘बराचसा बरोबर’ भाग ठेवून घेऊ नका. अर्धवट बरोबर गजर हा गजर नसण्यापेक्षा वाईट.

टप्पा चौथा: पाठवणारं पान

पानावर मध्यम करड्या पार्श्वभूमीवर दोन-तीन सेंटिमीटरचा चौकोन आणि एक ‘पाठवा’ बटण. चौकोनाचा रंग बदलण्यासाठी साधा टायमर लावू नका, तो पडद्याच्या फ्रेमशी जुळत नाही. ब्राउझरचं रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम हे फंक्शन दर फ्रेमला एकदा बोलावलं जातं आणि सोबत त्या क्षणाची वेळही देतं. फ्रेम मोजत बसण्यापेक्षा त्या वेळेवरून कितवा अर्धा बिट चालू आहे ते काढा. नाहीतर १२० किंवा १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर तुमचा निरोप दुप्पट किंवा त्याहून जास्त वेगाने धावेल.

पान समोरच ठेवा. दुसऱ्या टॅबवर गेलात की ब्राउझर हे फंक्शन थांबवतो आणि निरोप मध्येच तुटतो. रात्रीचा पिवळसर उजेड आणि चित्र पाहून ब्राइटनेस आपोआप बदलणारी सोय, दोन्ही बंद करा.

आता सुरक्षिततेचं बोलतो, आणि हे वगळून पुढे जाऊ नका. लुकलुकणाऱ्या प्रकाशाने काही माणसांना अपस्माराचा झटका येऊ शकतो. वेबपानांसाठीच्या सुलभता-नियमांत सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारा मोठा भाग टाळायला सांगितलं आहे, आणि आपला चौकोन सेकंदाला साडेसात वेळांपर्यंत लखलखतो. म्हणून चौकोन लहानच ठेवा, अख्खा पडदा कधीही लुकलुकवू नका, बटण दाबल्याशिवाय काही सुरू होऊ देऊ नका आणि सेन्सरच्या नळीने चौकोन झाकून मगच पाठवा. घरात कोणाला असा त्रास असेल तर पडद्याचा मार्ग सोडून पुढे दिलेला एलईडीचा मार्ग घ्या.

टप्पा पाचवा: पहिला निरोप, वेळ

पहिला निरोप वेळेचाच असू द्या. तो लहान असतो आणि बरोबर आला की नाही ते तत्काळ दिसतं. तास, मिनिट, सेकंद मिळून तीन बाइट. सुरुवातीचे १७ बिट, लांबी ८, प्रकार ८, माहिती २४, तपासणी ८: एकूण ६५ बिट, म्हणजे पावणेनऊ सेकंदांच्या आत काम होतं.

इथे बरेच जण फसतात. ‘पाठवा’ दाबलं त्या क्षणाची वेळ पाठवली तर ती पोहोचेपर्यंत जवळपास नऊ सेकंद शिळी झालेली असते. शेवटचा बिट जेव्हा संपेल, त्या क्षणाची वेळ आधीच मोजून पाठवा, आणि रिसीव्हरने तपासणी उत्तीर्ण होताच ती लावावी.

वेळ लागली, पण टिकेल का? अनेक स्वस्त बोर्डांवर ताल देण्यासाठी सिरॅमिक रेझोनेटर असतो आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत असू शकते. म्हणजे दिवसाला सात मिनिटं! डीएस३२३१ हे घड्याळाचं चिप जोडा. नेहमीच्या तापमानात त्याची चूक दहा लाखांत दोन भागांच्या आत राहते, वर्षाला मिनिटभर.

नंतर नावं पाठवाल, तेव्हा देवनागरीचा हिशेब ध्यानात ठेवा. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘माधव’ म्हणजे म, काना, ध, व अशी चार चिन्हं, १२ बाइट. अख्खा निरोप सव्वाअठरा सेकंदांचा होतो. मराठीत नेहमी लागणारी देवनागरी चिन्हं यूनिकोडच्या १२८ जागांच्या एकाच गटात बसतात, त्यामुळे फक्त मराठी मजकुरासाठी स्वतःचा एक-बाइटी तक्ता करून हा खर्च एक-तृतीयांशावर आणता येतो. डिस्प्लेवर जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसवणं मात्र वेगळं आणि मेहनतीचं काम आहे. पहिल्याच आठवड्यात त्यात शिरू नका.

वेग हवा असेल तर

दोन वाटा. पहिली चिपटॅनची: एक चौकोन तालाला, दुसरा माहितीला, आणि मनगटावर दोन सेन्सर. ताल बदलला की माहितीचा चौकोन वाचायचा, बस. मँचेस्टर लागत नाही, वेग दुप्पट होऊन सेकंदाला १५ बिट मिळतात, आणि ब्राउझर कितीही अडखळला तरी फरक पडत नाही, कारण वेळ मोजायचीच नाही. तालाच्या पट्ट्याचं कौतुक मी त्यासाठीच केलं.

दुसरी वाट जुन्या लॅपटॉप-जोडाची. यूएसबीला एक छोटा बोर्ड लावा, त्यावर एलईडी, आणि पानाऐवजी तो बोर्ड लुकलुकू द्या. फ्रेमचं बंधन गेलं की सेकंदाला १,००० बिट आवाक्यात येतात आणि उघडझाप डोळ्याला जाणवतही नाही. मात्र अर्धा बिट आता अर्ध्या मिलिसेकंदाचा झाला, त्यामुळे १० मिलिसेकंदांची सरासरी वापरता येणार नाही आणि दर मिलिसेकंदाला एक वाचनही पुरणार नाही. वाचनं शक्य तितक्या वेगाने घ्या, आणि बाहेरचा उजेड रोखायचं सगळं काम नळीवर सोपवा.

मनगटावर चढवताना

सेन्सर वरच्या बाजूला ठेवा, म्हणजे हात वळवून तोंड पडद्याला टेकवता येईल. बॅटरी संरक्षक सर्किट असलेली लहान लिथियम-पॉलिमर घ्या आणि तिच्यावर दाब येणार नाही असा डबा करा. बटणासारखा चपटा सेल ओलेडला फार काळ पुरत नाही.

रिसीव्हर सतत ऐकत ठेवू नका. बटण दाबल्यावरच मिनिटभर ऐकायचं आणि मग झोपायचं. बॅटरी वाचते, आणि कुठलाही लुकलुकता दिवा किंवा परका पडदा तुमच्या घड्याळात काही घुसवू शकत नाही. डेटालिंकलाही माहिती घेण्यापूर्वी खास स्थितीत न्यावं लागे. आणि पासवर्डसारखं काही या मार्गाने उघडं पाठवू नका. समोरचा कॅमेरा तुमचा चौकोन तितक्याच सहज वाचू शकतो.

घड्याळ पडद्याशी बोलू शकत नसलं तरी तुमच्याशी बोलू शकतं. ताल सापडला की एक खूण, किती बाइट आले तो आकडा आणि शेवटी ‘मिळालं’ किंवा ‘पुन्हा’, एवढं डिस्प्लेवर दाखवा. पानाकडून तोच निरोप तीन वेळा लागोपाठ पाठवा. वेळ असेल तर दर खेपेला ती नव्याने मोजा.

अडलं तर

ताल सापडतच नसेल तर प्लॉटरकडे परत जा. पांढरं आणि काळं स्पष्ट वेगळे दिसतात का, तेवढंच बघा. ताल सापडतो पण तपासणी नापास होते, तर बदलांमधली अंतरं छापून काढा. सगळी ६७ आणि १३३ च्या आसपास असतील तर चूक कोडमध्ये आहे, आणि ती बहुधा बिटांच्या क्रमाची असते: पाठवणारा मोठा बिट आधी देतो आणि घेणारा लहान आधी समजतो. अंतरं शंभरीजवळ घुटमळत असतील तर ब्राउझर फ्रेम गाळतो आहे. बाकीचे टॅब बंद करा, नाहीतर अर्ध्या बिटाला सहा फ्रेम द्या आणि सीमा १५० वर न्या.

कोणाकडे खरं डेटालिंक पडून असेल तर त्यालाही पुन्हा कामाला लावता येतं. हौशी लोकांनी त्याची भाषा उलगडून मुक्त स्रोत प्रोग्राम केले आहेत आणि मायक्रोकंट्रोलरवर जुन्या लॅपटॉप-जोडाची नक्कलही बनवली आहे. घ्यायच्या आधी घड्याळाच्या तोंडावर सेन्सरची छोटी खिडकी आहे का ते तपासा. पुढे निघालेल्या यूएसबी मॉडेलला केबल लागते, त्याच्यासमोर कितीही लुकलुकलात तरी ते काही घेणार नाही.